हेडला पाणी, टेलला कोरडं : ‘ऑनलाइन’ या शब्दाचा छोटा इतिहास

मंडळी, आजचा विषय ऐकायला रुक्ष आहे. आपण नेटवर्कमध्ये आहोत की नाही, हे फोनमधल्या ॲपला कसं कळतं? पण अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, घाटघर-रतनवाडीकडे, ज्याने रेंज शोधत फोन डोक्यावर धरलाय, त्याला तो रुक्ष वाटायचा नाही.

15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी तलाठी करायचे ती पिकाची नोंद आता शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहून, फोटो काढून करायची. ती सातबाऱ्यावर चढते. पुढे नुकसानभरपाई, हमीभावाची खरेदी अशा कामांत तीच बघितली जाते. असं ॲप आतून कशात बांधलंय हा आजचा मुद्दा नाही. ‘पाठवलं’ असं पडद्यावर दिसलं आणि प्रत्यक्षात पोचलंच नाही, तर काय होतं, हा मुद्दा आहे.

आता थोडं मागे जाऊ. 1997 साली इंटरनेट एक्सप्लोरर 4 आला. तो काळ डायल-अपचा. मोडेम ओरडायचा आणि मिनिटागणिक बिल चढायचं. त्यामुळे ब्राउझरच्या मेन्यूत ‘वर्क ऑफलाइन’ अशी सोय होती. वेब पानाला ही स्थिती कळावी म्हणून ‘नेव्हिगेटर डॉट ऑनलाइन’ नावाचा एक गुणधर्म आला. उत्तर दोनच, हो किंवा नाही. लक्षात घ्या, हे उत्तर मुळात माणसाच्या इच्छेचं होतं. तारेची तपासणी त्यात नव्हती. पुढे हाच गुणधर्म एचटीएमएल 5 च्या मसुद्यात गेला, 2008 च्या फायरफॉक्स 3 मध्ये ‘ऑनलाइन झालो’, ‘ऑफलाइन झालो’ अशा सूचनाही मिळू लागल्या, आणि सगळ्यांना वाटलं, चला, प्रश्न मिटला.

मिटला नव्हता. ब्राउझरची नजर जाते फार तर आपल्या यंत्राच्या उंबरठ्यापर्यंत. वाय-फाय जोडलंय? मग ‘हो’. त्या राउटरच्या पलीकडे तार तुटलेली असली तरी ‘हो’च. डेस्कटॉपवरचा फायरफॉक्स तर 2015 पर्यंत, तुम्ही स्वतः मेन्यूतून ऑफलाइन झाल्याशिवाय ‘नाही’ म्हणतच नसे. आणि गंमत बघा, हा गुणधर्म मुळातच भरवशाचा नाही, असं खुद्द मानकातच लिहून ठेवलंय. वाचतो कोण! आम्हीही सुरुवातीला त्यावरच विसंबलो होतो.

आपल्या नगर जिल्ह्यात हे समजावायला सोपं आहे. भंडारदऱ्याचं पाणी प्रवरेतून ओझरच्या बंधाऱ्यावर येतं, तिथून डावा-उजवा कालवा निघतो. आवर्तन सुटलं, ही बातमी हेडची. टेलच्या शेतकऱ्याला ती ऐकून काय करायचं? त्याच्या चारीत पाणी आलं की खरं. फोनवरच्या रेंजच्या काड्याही हेडचीच बातमी देतात. त्या मोजतात फोन आणि टॉवर यांच्यामधला सिग्नल. टॉवरच्या पुढची जोडणी तुटली तरी काड्या उभ्या राहू शकतात.

मोबाइलच्या काळात याला एक वळसा सापडला. 2008 च्या सुमारास कॅनडातल्या निटोबी कंपनीच्या मंडळींनी फोनगॅप बनवलं. वेबच्या भाषेत ॲप लिहा, ते फोनच्या आत एका ब्राउझरमध्ये चालेल, आणि ब्राउझरला न दिसणाऱ्या गोष्टी फोनला विचारून मिळतील. 2011 मध्ये ॲडोबीने निटोबी विकत घेतली. पुढे त्यातूनच अपाचे कॉर्डोव्हा झालं. सुरुवातीच्या फोनगॅपमध्ये प्रश्न होता, ‘अमुक सर्व्हरपर्यंत पोचता येईल का?’ नंतर तो बदलून झाला, ‘जोडणी कोणती, वाय-फाय, टूजी, थ्रीजी की काहीच नाही?’ आमच्या मते पहिला प्रश्न जास्त शहाणा होता. अर्थात आयफोनवर त्याचंही उत्तर ‘इथून निरोप निघू शकतो’ एवढंच असायचं. तो पोचेल याची हमी नव्हती.

मग लोकांनी जुगाड केले. आपल्याच सर्व्हरवरचं एक चिमुकलं चित्र मागवायचं. आलं तर जोडणी आहे. पण ब्राउझर हुशार, तो जपून ठेवलेलं जुनंच चित्र पुढे करायचा. म्हणून पत्त्याच्या शेपटीला दर वेळी वेगळा आकडा लावायचा. त्यातही लॉजच्या वाय-फायने घोळ घातला. लॉग-इन होईपर्यंत तुम्ही काहीही मागा, ते स्वतःचं पान पाठवतं आणि वर ‘सगळं ठीक’ असा 200 चा शिक्का मारतं. यावर गूगलने अँड्रॉइडसाठी केलेला इलाज आम्हाला फार आवडतो: असा पत्ता, जिथून उत्तर यायलाच हवं ते रिकामं, 204 क्रमांकाचं. तिथून मजकूर आला, म्हणजे मध्ये कुणीतरी बसलंय.

तरीही विचारलं तेव्हा जोडणी होती, पाठवलं तेव्हा गेली, असं डोंगरात एका वळणावर होतं. म्हणून शेवटी अनुभवी मंडळी उलट बाजूने निघाली: आधी विचारायचंच नाही. नोंद प्रथम फोनमध्येच जतन करायची, मग पाठवून बघायची, आणि सर्व्हरची पोच आल्याशिवाय ती रांगेतून काढायची नाही. 2016 मध्ये क्रोमने हे काम ब्राउझरवर सोपवायची सोय आणली, नेटवर्क आलं की तो मागच्या मागे पाठवतो. सफारीने ती घेतली नाही, त्यामुळे रांग स्वतःच सांभाळणं सुटलेलं नाही.

यात एक खोच आहे आणि बरेच जण तिथे फसतात. नोंद सर्व्हरवर चढली, पण परतीची पोच वाटेत हरवली. फोनला वाटतं, गेलंच नाही; तो पुन्हा पाठवतो, आणि एकाच गटातलं सोयाबीन दोनदा चढतं. यासाठी प्रत्येक नोंदीला फोनमध्येच, पाठवण्यापूर्वी, एक वेगळा क्रमांक द्यायचा. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर सर्व्हरने नवी नोंद न करता नुसती पोच परत पाठवायची. आणि पडद्यावर शब्द दोन ठेवायचे: ‘फोनमध्ये जतन झालं’ हा एक, ‘पोचलं’ हा दुसरा. शेतात उभ्या माणसाला घरी जायचं की रस्त्यापर्यंत चढून यायचं, हे त्यावरूनच ठरवता येतं.