आवाज ओळखणारे कान : परतूर परिसरातील जुन्या पिकअप गाड्या आणि निदानाची परंपरा

मराठवाड्यातील गॅरेजांच्या बोलीत ‘गाडीला आवाज आहे’ या वाक्याचा अर्थ गाडी चालताना ध्वनी करते एवढाच होत नाही. चालू मोटार मुकी कधीच नसते. इंजिन, गिअर, टायर, हौदा, पाटे हे सारे आपापल्या परीने बोलत असतात आणि त्या नेहमीच्या गलबल्यात न बसणारा एखादा परका आवाज जेव्हा वेगळा काढता येतो, तेव्हाच ‘आवाज’ हा शब्द दोष या अर्थाने वापरला जातो. मराठीत ही दृष्टी मोटारीच्या फार आधीची आहे. मडके विकत घेताना ते टिचकी मारून पाहिले जाते. ते बद्द वाजले तर तडा गेलेला आहे असे समजून बाजूला ठेवले जाते. चांदीचा रुपया खणखणीत वाजतो की नाही हे पाहण्याच्या रीतीवरून ‘वाजवून घेणे’ हा वाक्प्रचार सर्वच व्यवहारांना लागू झाला. जालना जिल्ह्यातील परतूरसारख्या तालुक्याच्या गावी जुन्या पिकअप गाडीचे दुखणे कानाने आणि तळहाताने ओळखण्याची जी विद्या रुजली, तिचा इतिहास याच रीतीचा पुढचा भाग म्हणून वाचावा लागतो.

परतूरचा परिसर दुधना नदीच्या खोऱ्यातील काळ्या मातीचा आहे. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे तिच्यावर बांधलेला रस्ता लवकर लाटांसारखा उंचसखल होतो आणि शिवारातली वाट तर चार महिने चिखलाचीच असते. अशा मुलखात कापूस, तूर, ज्वारी वाहणाऱ्या बैलगाडीच्या चाकाची देखभाल हे सुतार आणि लोहार या दोन बलुतेदारांचे काम होते. चाकाच्या मधला लाकडी गड्डा म्हणजे तुंबा, त्यातून निघणारे आरे, आणि सगळ्यांना बाहेरून आवळून धरणारी लोखंडी पट्टी म्हणजे धाव. ही धाव गोवऱ्यांच्या आगीत तापवून चाकावर चढवत आणि लगेच पाणी ओतून आवळून घेत. उन्हाळ्यात लाकूड आकसले की धाव सैल होई आणि चाक खडखडू लागे, तेव्हा ते पाण्यात भिजवून लाकूड फुगवणे हा तात्पुरता उपाय असे. आखाला, म्हणजे दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्याला, वंगण कमी पडले तर मात्र खडखड न होता करकर होई. एकाच चाकाचे हे दोन आवाज दोन निरनिराळ्या कारणांचे आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत, हे गाडीवानाला ठाऊक असे. पुढे मोटारीच्या बाबतीत जो भेद महत्त्वाचा ठरला, म्हणजे सैलपणाचा आवाज वेगळा आणि घर्षणाचा वेगळा, तो परतूरच्या शिवाराला असा आधीच परिचित होता.

यंत्रांचा आवाज या भागात प्रथम आणला तो रेल्वेने. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर हैदराबाद–गोदावरी खोरे रेल्वेचा मनमाडपासून सिकंदराबादकडे जाणारा मीटरगेज मार्ग सुरू झाला आणि परतूर हे त्यावरचे एक स्थानक झाले. रेल्वेत डब्याच्या चाकावर लांब दांड्याच्या हातोडीने ठोका मारून त्याची परीक्षा करण्याची जुनी पद्धत होती. अखंड चाक घंटेसारखे घुमते आणि तडा गेलेले चाक बद्द वाजते, ही या परीक्षेची साधी कसोटी होय. मडक्याची आणि लोखंडी चाकाची कसोटी एकच निघावी यात नवल नाही, कारण दोन्हीकडे तडा कंपनाला मध्येच अडवतो आणि आवाज लगेच विझतो. या मार्गाची दुसरी एक मर्यादा मोटारीच्या पथ्यावर पडली. मीटरगेजवरून आलेला माल मनमाडला ब्रॉडगेजच्या डब्यांत हलवावा लागे, तर ट्रक परतूरच्या बाजारातून निघून थेट मुंबईच्या गोदामात उतरू शकत असे. मार्गाचे रुंदीकरण विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात झाले, तोवर मालाच्या वाहतुकीचा मोठा हिस्सा रस्त्यावर येऊन स्थिरावला होता.

हैदराबाद संस्थानाने १९३२ मध्ये आपल्या रेल्वेच्याच अखत्यारीत २७ गाड्यांनिशी सरकारी बससेवा सुरू केली. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६१ मध्ये मराठवाड्याची परिवहन सेवा राज्य परिवहन महामंडळात, म्हणजे एसटीत, सामील झाली. महामंडळाने चिकलठाणा येथे मध्यवर्ती कार्यशाळा चालवली आणि परतूरलाही आगार झाले. चालकाने सांगितलेल्या तक्रारीवरून यांत्रिकाने शोध घ्यायचा, ही शिस्त ग्रामीण मराठवाड्यात बसवण्यात एसटीचा वाटा मोठा मानला पाहिजे. खासगी गॅरेजात अशी शिस्त कागदावर कधी उतरली नाही, पण चालकाचे बोलणे आधी नीट ऐकून घ्यायचे आणि मगच पाना हातात धरायचा, ही रीत तिथेही पाळली गेली.

पिकअप, म्हणजे पुढे चालकाची बंद केबिन आणि मागे उघडा हौदा असलेली हलकी मालगाडी, परतूरच्या व्यवहारात सावकाश शिरली. महिंद्र कंपनीने १९४७ पासून मुंबईत विलीज जीप जोडायला आरंभ केला आणि तिच्या सांगाड्यावर पुढे हौद्याच्या गाड्याही निघाल्या. आकुर्डीच्या बजाज टेम्पो कंपनीची मॅटॅडोर इतकी पसरली की ‘टेम्पो’ आणि ‘मॅटॅडोर’ ही दोन्ही नावे ग्रामीण मराठीत सामान्यनामे होऊन बसली. टाटांची ४०७ ही गाडी १९८६ मध्ये आणि टाटामोबाइल हा पिकअप १९८८ मध्ये आला. २००५ मध्ये आलेल्या टाटा एसला लोकांनी ‘छोटा हत्ती’ म्हटले, आणि त्याच दशकात बोलेरो पिकअप बाजार समितीच्या आवारात नित्याचा झाला. या गाड्यांचे खरे आयुष्य पहिल्या मालकाकडे संपत नाही. शहरातली फेरी संपवून ती गाडी दुसऱ्या, तिसऱ्या हाती तालुक्याला येते आणि कापूस, मोसंबी, खत, जनावरे, लग्नाचा मंडप असे वाटेल ते वाहते. निदानाची विद्या वाढली ती या उतारवयातल्या गाड्यांवर, कारण नव्या गाडीत एका वेळी एक दोष असतो आणि जुन्या गाडीत चार दोष एकमेकांवर आवाज चढवत असतात.

त्यांतला एक वेगळा काढायचा तर आवाज कशाबरोबर बदलतो हे पाहावे लागते, आणि या साऱ्या विद्येचा गाभा तोच आहे. इंजिनातला आवाज इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर वाढतो, चाकातला आवाज गाडीच्या वेगाबरोबर वाढतो, आणि पाट्यांचा, म्हणजे हौद्याखालच्या कमानीच्या आकाराच्या पोलादी पट्ट्यांचा आवाज या दोहोंशी संबंध न ठेवता खड्ड्याबरोबर येतो. पाट्याची झिजलेली पिन, ढिला झालेला यू-बोल्ट हे खड्ड्यात खट्कन बोलतात आणि सपाट रस्त्यावर गप्प होतात. चाकाच्या बेअरिंगची घरघर स्टिअरिंग एका बाजूला वळवले की वाढते आणि दुसऱ्या बाजूला वळवले की उतरते, कारण वळणावर गाडीचा भार बाहेरच्या चाकावर जातो. मागच्या हाउसिंगमधले क्राउन आणि पिनियन, म्हणजे शाफ्टची फिरकी चाकांकडे वळवणारे दोन दातेरी गिअर, झिजले असतील तर पेडल दाबताना एक सूर आणि सोडताना दुसरा सूर लागतो, कारण दातांची एक बाजू गाडी ओढताना काम करते आणि दुसरी गाडी आवरताना.

सर्वांत अवघड प्रकरण प्रोपेलर शाफ्टचे. गिअरबॉक्सपासून मागच्या हाउसिंगपर्यंत शक्ती नेणाऱ्या या लांब नळीला टोकांशी जे सांधे असतात, त्यांना गॅरेजमध्ये ‘क्रॉस’ म्हणतात. सतराव्या शतकात इंग्लंडात रॉबर्ट हूकने ज्याचे वर्णन केले तोच हा सांधा. शाफ्ट तिरका असेल तर हा सांधा एका फेऱ्यात दोनदा किंचित पुढे आणि दोनदा किंचित मागे राहतो. आता साधा हिशेब करावा. पिकअपच्या चाकाचा परीघ सुमारे २.२ मीटर धरला तर ताशी ६० किलोमीटर वेगाने चाक सेकंदाला साडेसात फेरे घेते. हाउसिंगचे प्रमाण साडेचारच्या आसपास असल्यास शाफ्ट सेकंदाला सुमारे ३४ फेरे घेतो आणि क्रॉसचा दोष ६८ वेळा जाणवतो. माणसाच्या कानाची खालची मर्यादा सेकंदाला २० कंपनांच्या जवळपास असल्याने चाकाचे असंतुलन कानाला लागत नाही, ते आसनात आणि स्टिअरिंगमध्ये थरथर म्हणून कळते. क्रॉसचा दोष मात्र केबिनमध्ये ‘घूं’ असा घुमतो. पेच पुढेच आहे. थेट जोडणीच्या गिअरमध्ये इंजिन आणि शाफ्ट एकाच गतीने फिरतात, आणि चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्याला दोन स्फोट होतात, म्हणजे इंजिनाचा सूरही ६८चाच! कितीही तयार कान असला तरी हे दोन सूर केवळ ऐकून वेगळे होत नाहीत.

म्हणून परिस्थिती बदलून ऐकण्याची युक्ती लागते. तोच वेग ठेवून खालचा गिअर टाकला की इंजिनाचा सूर चढतो आणि शाफ्टचा जागच्या जागी राहतो. रिकाम्या सपाट रस्त्यावर क्षणभर न्यूट्रल करून गाडी वाहू दिली तर इंजिनाचा सूर खाली येतो आणि तरीही घुमणे तसेच राहिले तर दोष गिअरबॉक्सच्या मागे आहे हे ठरते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकीच्या स्थिर ठेवायच्या, हे प्रयोगशास्त्राचे मूलतत्त्व शाळेची पायरी फारशी न चढलेल्या मिस्त्र्यांनी रस्त्यावर राबवले, आणि त्याला ज्ञान म्हणण्यास कोणी कचरण्याचे कारण नाही.

परतूरच्या परिस्थितीने या प्रकरणात आपली भर घातली. माल भरपूर भरता यावा म्हणून पाट्यांमध्ये एखादी जादा पट्टी घालण्याची रीत सर्वत्र आहे. तिच्यामुळे रिकाम्या गाडीची मागची बाजू उंच राहते, शाफ्टचा कोन बदलतो आणि गाडी रिकामी असताना घुमते, भरली की शांत होते. उलट दमलेले पाटे भाराखाली बसले तर भरलेली गाडी थरथरते. म्हणून आवाज रिकामा येतो की भरल्यावर, हा प्रश्न इथे आधी विचारावा लागतो. काळ्या मातीचा प्रकार याहून साधा आणि याहून फसवा आहे. चिखलातून निघालेल्या गाडीच्या रिममध्ये आतल्या बाजूने माती चिकटते, एका रात्रीत वाळून घट्ट होते, आणि दुसऱ्या दिवशी डांबरी रस्त्यावर स्टिअरिंग हलू लागते. अशा वेळी बेअरिंग बदलण्याआधी खरवडून माती काढणे हाच उपचार. मंठा, परतूर, आष्टी, माजलगाव असा जाणारा शेगाव–पंढरपूर महामार्ग रुंद झाल्यावर अशा तक्रारी वाढणे स्वाभाविक होते, कारण ताशी ३०च्या वेगाने चालणाऱ्या गाडीत लपलेले असंतुलन ताशी ७०ला लपत नाही.

इंजिनाच्या ठोक्यांसाठी उपकरण म्हणून लांब पेचकस पुरेसा होता. त्याचे टोक इंजिनाच्या अंगावर आणि मूठ कानाजवळच्या हाडावर टेकवली की ठोका कोणत्या सिलिंडरजवळ मोठा आहे ते कळते. पॅरिसमध्ये १८१६ साली लेनेक या वैद्याने कागदाची सुरळी रुग्णाच्या छातीला लावली, तिच्यामागेही हेच तत्त्व होते. जुन्या डिझेल इंजिनात याला दुसऱ्या परीक्षेची जोड असे. नोझलला, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाला, जाणाऱ्या नळीचा नट किंचित सैल करून एकेका सिलिंडरचा स्फोट बंद करायचा. ज्याच्या वेळी ठोका मंदावेल तिथल्या नोझलमध्ये किंवा कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगमध्ये दोष. या दोहोंतला फरक ओळखण्यासाठी मात्र वर्षे जावी लागत.

ही वर्षे गॅरेजात हाताखाली राहून जात. सुटे भाग डिझेलमध्ये धुणे, पाने हातात देणे, जॅकवर उचललेले चाक एका हाताने फिरवून दुसरा तळहात पाट्यावर ठेवणे, आणि शाफ्ट उतरवण्याआधी दोन्ही तुकड्यांवर छिन्नीने समोरासमोर खूण करणे, असा हा क्रम होता. शेवटच्या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. ती खूण चुकली आणि शाफ्ट एखादा दाता फिरवून जोडला गेला, तर नवे क्रॉस घालूनही गाडी पहिल्यापेक्षा जास्त थरथरते. वस्ताद हा शब्द तालमीतून आणि गाण्यातून गॅरेजात आला आणि तिथे तितक्याच मानाने टिकला. शिकाऊ उमेदवाराला आवाजाची व्याख्या कोणी सांगत नसे. खटखट, कटकट, किरकिर, घरघर, फडफड, सूंसूं हे मराठीतले नादशब्द हाच त्याचा कोश, आणि त्यांतली खटखट व कटकट वेगळी का, हे त्याला गाडीखाली झोपून कळे.

१ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ हे प्रदूषणाचे निकष लागू झाले. त्याआधीच आलेल्या कॉमन रेल पद्धतीत, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच सामाईक नळीतून अतिशय उच्च दाबाने डिझेल पुरवण्याच्या रचनेत, नळीचा नट सैल करून पाहणे जिवावर बेतू शकते. त्यामुळे ती परीक्षा बंद पडली आणि तिची जागा इंजिनाच्या संवेदकांच्या नोंदी वाचणाऱ्या स्कॅनर या यंत्राने घेतली. इंजिनातला दोष स्कॅनर सांगतो. क्रॉस सुकला आहे, शाफ्टच्या सेंटर बेअरिंगचे रबर फाटले आहे, पाट्याची पिन झिजली आहे किंवा रिममध्ये माती वाळली आहे, हे त्याच्या पडद्यावर उमटत नाही, कारण त्या भागांना संवेदक बसवलेलेच नसतात. आठ वर्षांहून जुन्या मालवाहू गाडीला दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. एमएच-२१, म्हणजे जालना जिल्ह्याच्या, क्रमांकाच्या अशा पिकअपचा मालक तपासणीच्या आधी गॅरेजात येतो, तेव्हा मिस्त्री आजही चालकाशेजारी बसून आधी खिडक्या बंद करायला लावतो, मग उघडायला, आणि रस्त्याकडेच्या एखाद्या लांब भिंतीलगत गाडी सावकाश न्यायला सांगतो, म्हणजे खालचा आवाज भिंतीवर आपटून त्या बाजूच्या खिडकीतून परत कानावर येतो.