अल्लाउद्दीन सांगणारा

लहानपणी आवडलेली पुस्तके पन्नाशीत पुन्हा उघडू नयेत, असे काही मित्र सांगतात. मला ते पटत नाही. ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ मी अलीकडेच पुन्हा वाचल्या. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी हाती घेतलेले आणि विष्णुशास्त्री व हरि कृष्ण दामले यांचाही हात लागलेले हे भाषांतर. नावात अरबी असले तरी ते झाले इंग्रजीवरून.

शाळेत सवंगडी मला ‘अलिबाबा’ म्हणत. गोष्टी जणू आमच्या घरातल्याच! आमच्या घरी त्या कुणालाच ठाऊक नव्हत्या. मी त्या मराठीतच प्रथम वाचल्या. आणि अरबी पंडितांना तरी त्यांचे कुठे कौतुक होते? दहाव्या शतकात बगदादच्या इब्न अल्-नदीमने या कथांचे मूळ मानल्या जाणाऱ्या फारसी ग्रंथाची नोंद घेतली, ती रटाळ म्हणूनच.

आता वाचताना डोळा भलतीकडेच जातो. तेव्हा अलिबाबा नायक वाटे. तो करतो काय? झाडावर बसून चोरांचा परवलीचा शब्द ऐकतो, एवढेच. सदतीस चोरांचा उकळत्या तेलाने निकाल लावते ती मर्जिना, घरची दासी. शहरजादीची गोष्ट तर मुलांसाठीच्या आवृत्त्यांत बहुधा गाळलेलीच असते. रोज एक नवरी मारणारा राजा मुलांना कसा सांगावा? काही गोष्टींतल्या काळ्या गुलामांच्या चित्रणाने आज मन विटते. ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

पण खरी गंमत पुढेच आहे. अल्लाउद्दीन आणि अलिबाबा या गोष्टी जुन्या अरबी हस्तलिखितांत नाहीतच. आंत्वान गालां या फ्रेंच पंडिताने १७०४पासून ‘हजार रात्री’ फ्रेंचमध्ये छापायला सुरुवात केली. त्याच्याजवळचे हस्तलिखित २८२व्या रात्रीच्या आसपास संपत होते आणि वाचक तर आणखी मागत होते. १७०९ साली पॅरिसमध्ये त्याला हन्ना दियाब भेटला. अलेप्पोचा विशीतला तरुण, धर्माने मारोनी ख्रिस्ती. त्याने तोंडी सांगितलेल्या गोष्टींत या दोन्ही होत्या. गालांच्या रोजनिशीत त्याची नोंद आहे, छापील खंडांत मात्र त्याचे नाव नाही.

म्हणजे ज्या गोष्टीवरून मला हाक मारली जाई, ती एका सीरियन ख्रिश्चनाने सांगितली, फ्रेंचमध्ये प्रथम छापली गेली आणि इंग्रजीच्या वाटेने मराठीत आली. अल्लाउद्दीन तर कथेत चीनचा रहिवासी! हे कळल्यावर मला त्या गोष्टी परक्या वाटायला हव्या होत्या. उलट अधिकच जवळच्या वाटल्या.

दियाबने म्हातारपणी, १७६०च्या दशकात, आपला प्रवास अरबीत लिहून काढला. ते हस्तलिखित व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आहे. पहिली काही पाने गहाळ असल्याने लेखकाचे नाव त्यावर नव्हते. ओळख पटायला १९९३ साल उजाडले. त्यात व्हर्सायचा राजवाडा आहे, राजाला दाखवायला नेलेले वाळवंटी उंदीर आहेत. दिव्यातल्या जिनाने एका रात्रीत उभारलेल्या महालात व्हर्सायची झळाळी उतरली असावी, असे काही अभ्यासकांना वाटते. मलाही तसेच वाटते.

गोष्टींविषयी मात्र तो फार थोडे लिहितो. एका वृद्ध गृहस्थाला पुस्तकासाठी काही रात्री कमी पडत होत्या, मी मला येणाऱ्या गोष्टी सांगितल्या, तो खूश झाला, एवढेच. राजाच्या ग्रंथालयात नोकरी मिळेल ही आशा फळली नाही. तो अलेप्पोला परतला आणि त्याने कापडाचे दुकान घातले.