जुनं असेल तर चौपदरी

माझी आजी गोधडीला बसली की आधी कापड दोन्ही हातांनी ताणून उजेडासमोर धरायची. उजेड आरपार आला की म्हणायची, "हे चौपदरी घ्यायचं." कापड धड असलं तर दुपदरी. हा नियम तिला तिच्या सासूनं शिकवला होता. पुढे कितीतरी वर्षांनी तोच नियम मला बौद्ध भिक्षूंचे नियम सांगणाऱ्या विनयपिटकात भेटला, तेव्हा पुस्तक तसंच मांडीवर ठेवून मी बराच वेळ बसून राहिले.

त्यातल्या महावग्गातली हकिकत अशी. राजगृहाहून वैशालीला जाताना बुद्धांना वाटेत भिक्षू दिसले. कुणाच्या डोक्यावर चीवरांचं गाठोडं, कुणाच्या खांद्यावर, कुणाच्या कमरेवर. माणसाला किती वस्त्रं पुरतात, हे ठरवण्यासाठी बुद्ध स्वतः ऐन हिवाळ्याच्या रात्री उघड्यावर एका वस्त्रानिशी बसले. पहिला याम सरला तशी थंडी बोचू लागली, तेव्हा दुसरं वस्त्र घेतलं. मधला याम सरल्यावर तिसरं, पहाटेला चौथं. त्यावरून भिक्षूला तीन चीवरं ठरली: वरून घ्यायची संघाटी दुपदरी, बाकीची दोन एकपदरी. कापड जुनं, झिजलेलं असेल तर मात्र संघाटी चौपदरी आणि उरलेली दोन दुपदरी. आजीचा हिशेब तंतोतंत.

ही चीवरं तुकडे जोडून शिवलेली असत. मगधातली बांधाबांधांनी विभागलेली शेतं दाखवून बुद्धांनी आपल्या शिष्याला, आनंदाला, तसं चीवर करता येईल का विचारलं, आणि आनंदानं ते करून दाखवलं. भिक्षूनं जवळ बाळगायच्या आठ वस्तूंमध्ये सुई आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं. घर सोडलं, संसार सोडला, सुई नाही सोडली. चीवरांचे हेच नियम पाळणारी माणसं इसवी सनाच्या आधीच जुन्नर, भाजे, कार्ले इथल्या लेण्यांत दगडी ओट्यांवर झोपत होती.

म्हणून गोधडी भिक्षूंनी आपल्या घरात आणली, असं मी म्हणणार नाही. झिजलेलं सुती कापड जिथे साठतं आणि टाकवत नाही, तिथे ती होणारच. सूत जितकं धुतलं जातं तितकं मऊ होतं, पण तितकंच विरतं. एकटं फाटतं. चार विरलेले पदर एकमेकांवर घातले की त्यांच्यामध्ये हवा अडकते आणि तीच ऊब धरते. टाका काम करतो तो फक्त पदर सरकू न देण्याचं.

हिंदीत गुदडी, गुजरातीत गोदडी, आपली गोधडी, कोल्हापूर-साताऱ्याकडे वाकळ. संस्कृतातली कंथा बंगालमध्ये काँथा झाली आणि नाथजोग्यांच्या अंगावर कंथाच राहिली. बाळाच्या दुपट्याच्या तर नावातच मोजणी आहे. दुपटं म्हणजे दोन पटांचं. बाळंतविड्यात झबलं, टोपडं, कुंची नवी चालतील, पण तान्ह्याच्या अंगाखालचं दुपटं जुन्या लुगड्याचंच हवं, असा आमच्या घरचा दंडक होता. नव्या कापडाची खळ त्या कातडीला सोसत नाही.

ठिगळांचं वस्त्र गरिबीची खूण मानलं गेलं, हे खरंच. पण डेबूजी झिंगराजी जाणोरकर या माणसानं ते आपणहून अंगावर घेतलं, तेव्हा लोकांनी त्याला काही भागांत गोधडेमहाराज म्हटलं. आपण त्यांना गाडगेबाबा म्हणून ओळखतो.

आता प्रत्यक्ष कामाकडे येते, कारण मला खरा आनंद तिथे आहे. गोधडीला चौकट लागत नाही. अंगणात किंवा माजघरात खालचा पदर पसरायचा, चार कोपऱ्यांवर जड काहीतरी ठेवायचं, त्यावर तुकड्यांचे थर, वर चांगलं लुगडं. मग धावदोरा. तो काठापासून सुरू होतो आणि चारी बाजूंनी फिरत फिरत आत येतो. पदर ताणून बांधलेले नसल्यामुळे दोरा ओढला की कापड किंचित आकसतं. गोधडीवरून हात फिरवला की ज्या बारीक लाटा लागतात, त्या इथून येतात. मशीनच्या शिलाईला त्या कधीच साधत नाहीत.

उत्तर कन्नडमधल्या यल्लापूर-हल्याळच्या सिद्दी बायकाही अशाच काठाकडून आत येतात. त्यांच्या पूर्वजांपैकी अनेकांना पोर्तुगिजांनी आफ्रिकेतून गोव्यात गुलाम म्हणून आणलं होतं. त्यांच्या गोधडीला कवंद म्हणतात. शेवटी चारी कोपऱ्यांवर घड्या घातलेली त्रिकोणी फुलं बसवायची. फुलांवाचून कवंद उघडं दिसतं, असं त्या मानतात.

१८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली कापडगिरणी काढली. पुढे गिरण्या वाढल्या आणि त्यांचं सुती कापड गावोगाव पोचलं. त्याचे तुकडे हातमागाच्या लुगड्यांशेजारी गोधडीत बसले आणि छान बसले, कारण दोन्हींचं सूत एकाच जातीचं. मोडलं ते नायलॉनपाशी. नायलॉनची साडी जुनी होते पण मऊ होत नाही, घाम पीत नाही, आणि टाक्याखालून निसटते. आजीनं तशी एक साडी उजेडासमोर धरली, घडी केली आणि बाजूला ठेवून दिली. किती पदर घ्यायचे ते सांगितलंच नाही.

फाटकी गोधडी टाकत नाहीत, तीच नवीच्या पोटात जाते. आजीची गोधडी गेल्या हिवाळ्यात मी उसवायला घेतली. वरच्या लुगड्याखाली आजोबांचं धोतर निघालं, त्याखाली आणखी एक गोधडी, आणि तिच्यात इरकली काठाची एक पट्टी. ते लुगडं कुणाचं होतं हे सांगणारं आता घरात कुणी नाही. पट्टी खिडकीशी नेऊन धरली. उजेड आरपार आला. मी तिच्या चार घड्या केल्या आणि सुईत दोरा ओवला.