‘-साइड’ : एका प्रत्ययाचा इतिहास

#थ्रेड #इतिहास

१/ होमिसाइड, पेस्टिसाइड, रेजिसाइड, जेनोसाइड. या इंग्रजी शब्दांचा शेवट एकच आहे. ‘बाजू’ या अर्थाच्या ‘साइड’शी त्याचे नाते नाही. तो आला लॅटिन ‘काएदेरे’ या धातूपासून. अर्थ, कापणे, ठार मारणे. मरणारा कोण, हे शब्दाचा पूर्वार्ध सांगतो : माणूस, कीड, राजा किंवा अख्खा समाज.

२/ लॅटिनमध्ये हत्येसाठी ‘-किदियुम’ आणि हत्या करणाऱ्यासाठी ‘-किदा’ अशी दोन रूपे होती. इंग्रजीत ती एकरूप झाली. संस्कृतमुळे आपल्याकडे हा भेद टिकला आहे. ‘ब्रह्महत्या’ हे कृत्य, ‘शत्रुघ्न’ हा कर्ता. दोन्हींचे मूळ ‘हन्’ धातूत. ‘कृतघ्न’ म्हणजे केलेल्या उपकाराचा घात करणारा.

३/ प्राचीन रोममध्ये पित्याची वा निकटच्या आप्ताची हत्या म्हणजे ‘पारिकिदियुम’. अपराध्याला चामड्याच्या पोत्यात शिवून पाण्यात फेकून देण्याची शिक्षा प्रसिद्ध आहे.

४/ ३० जानेवारी १६४९ रोजी लंडनमध्ये राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद झाला. आज्ञापत्रावर ५९ जणांच्या सह्या होत्या. त्यांच्या लेखी तो न्याय होता. १६६० मध्ये राजेशाही परतली आणि तेच लोक ‘रेजिसाइड’, म्हणजे राजघातकी ठरले. त्यांपैकी काहींना देहान्त शिक्षा झाली.

५/ पित्याच्या आणि राजाच्या हत्येला नाव होते. संपूर्ण समाज नष्ट करण्याच्या गुन्ह्याला मात्र कायद्यात नाव नव्हते. ऑगस्ट १९४१ मध्ये नाझी अत्याचारांविषयी बोलताना चर्चिलनेही त्याला निनावी गुन्हाच म्हटले.

६/ ते नाव दिले राफाएल लेमकिन या पोलिश ज्यू कायदेपंडिताने. नाझी आक्रमणानंतर तो पोलंडमधून निसटून अमेरिकेत पोहोचला. १९४४ च्या आपल्या ग्रंथात त्याने ग्रीक ‘गेनोस’ (वंश, जमात) आणि लॅटिन प्रत्यय जोडून ‘जेनोसाइड’ हा शब्द घडवला. मराठीत आपण त्याला ‘वंशसंहार’ म्हणतो.

७/ न्यूरेंबर्गच्या आरोपपत्रात हा शब्द आला. १९४६ च्या निकालपत्रात मात्र तो नव्हता. आई-वडिलांसह ४९ आप्त गमावलेल्या लेमकिनने पाठपुरावा सोडला नाही. त्याच वर्षी क्यूबा, पनामा आणि भारत यांनी संयुक्त राष्ट्रांत ठराव मांडला. ११ डिसेंबरला तो संमत झाला.

८/ ९ डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये वंशसंहारविरोधी करार स्वीकारला गेला. युद्ध असो वा शांतता, हा गुन्हाच, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. आपल्याच प्रजेचा संहार हा आमचा अंतर्गत प्रश्न, असे म्हणण्याची सोय त्यामुळे कायद्यापुरती तरी संपली.

(समाप्त)