नेम लागला, मग विमान भंगारात का गेलं?

पहिल्या वर्षीच्या टिपणात मी ठोकून दिलं होतं : '२०१० मध्ये अमेरिकेने हवाई लेझर अस्त्र यशस्वी केले.' गाइड मॅडमनी खाली पेन्सिलने एवढंच लिहिलं, 'मग ते विमान आज कुठे आहे?' त्या एका प्रश्नाने माझं अख्खं प्रकरण बदललं. तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल, तर ही गोष्ट उपयोगी पडेल.

सुरुवात ड्रोनपासूनच होते. नोव्हेंबर १९७३ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या कर्टलंड तळावर अमेरिकी हवाई दलाने लेझरने एक ड्रोन पाडलं. पण लेझर जमिनीवर होता. तो विमानात बसवायचा म्हणजे थरथरणाऱ्या विमानातून किरण एकाच जागी रोखून धरायचा. त्यासाठी केसी-१३५ जातीच्या विमानात कार्बन डायऑक्साइड लेझर बसवला. १९८१ चा प्रयत्न फसला. १९८३ मध्ये मात्र त्याने पाच साइडविंडर क्षेपणास्त्रं निकामी केली आणि पुढे नौदलाच्या लक्ष्य-ड्रोनवरही मारा केला. आज हे विमान ओहायोतल्या हवाई दलाच्या संग्रहालयाचं आहे. त्याचं नावच 'एअरबोर्न लेझर लॅबोरेटरी' होतं. म्हणजे जमतं का, एवढंच त्याला तपासायचं होतं.

१९९६ मध्ये सुरू झालेल्या वायएएल-१ चा प्रश्न वेगळा होता. बोइंग ७४७ मध्ये क्लोरीन, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि आयोडीनवर चालणारा रासायनिक लेझर बसवून, वर चढत असलेलं क्षेपणास्त्र शेकडो किलोमीटरवरून पाडायचं. वाटेतल्या हवेने किरण विस्कटतो, म्हणून कमी ताकदीच्या लेझरने आधी हवा मोजायची आणि आरशाचा आकार क्षणोक्षणी बदलायचा. ११ फेब्रुवारी २०१० ला कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ त्याने खरंच क्षेपणास्त्र पाडलं. डिसेंबर २०११ मध्ये कार्यक्रम बंद झाला आणि २०१४ मध्ये ॲरिझोनात विमान भंगारात तोडलं गेलं.

आता तारखांकडे नीट बघा. संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी दुसरं विमान २००९ मध्येच रद्द केलं होतं, म्हणजे यशस्वी चाचणीच्या आधी! त्यांचा हिशेब साधा होता : लेझर २० ते ३० पट ताकदीचा हवा, नाहीतर विमानाला इराणच्या हद्दीत शिरून घिरट्या घालाव्या लागतील. चाचणीने नेम सिद्ध केला, पण आक्षेप अंतराचा होता. तो होता तिथेच राहिला.

मग मानवरहित विमान का नको? कल्पना चांगली आहे. ढगांच्या वर, विरळ हवेत उडालं तर किरण कमी विस्कटतो, आणि माणसंही धोक्यात येत नाहीत. अमेरिकेच्या क्षेपणास्त्र संरक्षण संस्थेने पुढे हाच मार्ग धरला. अडचण वजनाची आली. वायएएल-१ ला दर किलोवॅटमागे सुमारे ५५ किलो वजन लागत होतं. ड्रोनसाठी ते २ ते ५ किलोवर आणायचं होतं. विजेवरच्या लेझरला रसायनं लागत नाहीत, पण त्यात घातलेल्या विजेचा मोठा भाग उष्णता होतो, आणि ती बाहेर टाकायची सामग्रीही विमानानेच वाहायची! लढाऊ विमानावर लेझर बसवण्याचा 'शील्ड' प्रकल्पही हवेतली चाचणी न होताच संपला.

म्हणून सांगते, 'यशस्वी चाचणी' असं वाचलंत की लगेच उतरवून घेऊ नका. चाचणीने कोणत्या प्रश्नाचं उत्तर दिलं? आक्षेप कोणता होता, आणि तो आधीचा की नंतरचा? दोन रकाने करून तारखा शेजारी शेजारी लिहा. माझं वाक्य आता असं आहे : '२०१० मध्ये क्षेपणास्त्र पडले, पण ज्या अंतरासाठी विमान बांधले, ते अंतर गाठता आले नाही.' मॅडमनी यावेळी पेन्सिल उचलली नाही.