घरसफाई, पावसाळ्यानंतरची (कर्जत-खालापूर)

रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत व खालापूर या तालुक्यांत भाद्रपद अखेरीपासून दिवाळीपर्यंत चालणारी घराची वार्षिक झाडलोट, धुलाई, सारवण व डागडुजी. इराणात नवरोजच्या आधी, म्हणजे हिवाळा सरताना, घर धुऊन काढतात. सह्याद्रीच्या पायथ्याशी मात्र थंडी एका गोधडीत भागते. माणसाला घरात कोंडतो तो पाऊस. कर्जतला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांतच. आगोटीला पडवीच्या उघड्या बाजू झाप किंवा ताडपत्री लावून बंद होतात. सरपण, गोवऱ्या, बी-बियाणे आत येते. आश्विनात हा आडोसा काढला की चार महिन्यांचा हिशेब उजेडात दिसतो: भिंतीला चढलेली ओल, चामड्याच्या चपलांवर पांढरी बुरशी, वाशांना धुराने काळवंडलेली जळमटे, फुगून चौकटीत अडकणारी दारे, कोपऱ्यात वाळवीची मातकट रेघ.

घाटावर या कामाला ‘दसरा काढणे’ असे नेमके नाव आहे, कारण तेथे ते घटस्थापनेच्या आत उरकते. घाटाखाली तसे ते दरवर्षी जमत नाही. तिथी चंद्राच्या आणि पाऊस वाऱ्याच्या हिशेबाने चालतो. 2023 साली घट 15 ऑक्टोबरला बसले, 2025 साली 22 सप्टेंबरला. हवामान खात्याने 2020 साली सुधारलेल्या तारखांनुसार मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याचा सर्वसाधारण दिवस 8 ऑक्टोबर. म्हणजे नवरात्र लवकर आले तर धुतलेली गोधडी वाळायलाच तयार नसते. अशा वर्षी देवघर, देवाची भांडी आणि स्वयंपाकघर एवढेच घटापूर्वी होते. अंथरुणे-पांघरुणे, माळा आणि अंगण दिवाळीवर ढकलले जाते. ही चालढकल आळसाची मानण्याचे कारण नाही.

दुसरी अडचण भाताची. हळव्या जाती (कर्जत येथील संशोधन केंद्राच्या ‘कर्जत-3’, ‘कर्जत-184’ यांसारख्या) दसऱ्याच्या सुमारास कापणीला येतात, गरव्या दिवाळीच्या आगेमागे. जी बाई जळमटे काढणार, तिच्याच हाती विळा असतो. त्यामुळे घरकाम आणि शेतकाम येथे वेगळे काढता येत नाही. पावसाने उखणलेले अंगण तासून, पाणी शिंपडून, चोपण्याने चोपून, शेणाने सारवून गुळगुळीत केले जाते, ते तुळशीच्या लग्नासाठी आणि झोडणीसाठीही. अनेक घरांचे अंगण हेच खळे.

धुण्याच्या बाबतीत हा प्रदेश नशीबवान आहे, कारण वाहते पाणी जवळ असते. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र 1915 साली आणि भिवपुरीचे 1922 साली सुरू झाले. खोपोलीत वीज करून सुटलेले पाणी पाताळगंगेत जाते. भिवपुरीचे पाणी राजनाल्यातून कर्जतच्या शेतांत खेळते आणि तेथे उन्हाळी भातही पिकते. गोधड्या धुणे हे एकटीचे काम नव्हे. जुन्या लुगड्यांच्या थरांची भिजलेली गोधडी दोघींनी दोन टोके धरून पिळावी लागते. मग ती खडकावर, कुंपणावर, मिळेल तेथे वाळत पडते. ऑक्टोबरचे चटका देणारे ऊन एरवी कोणालाच आवडत नाही. गोधड्या धुण्याच्या दिवसांत मात्र ते हवे असते.

जुन्या घरांच्या भिंती कुडाच्या. डोंगरातली कारवी आणून तिचे ताटवे उभे करायचे आणि दोन्ही बाजूंनी शेणमाती लिंपायची. कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते आणि बी धरून वाळते. पागोळ्यांच्या शिंतोड्यांनी कुडाचा पायथा धुपतो, काड्या उघड्या पडतात; पाऊस थांबल्यावर पहिले लिंपण तेथेच. काम वरून खाली उतरते: आधी आढे व वासे, मग भिंत, शेवटी जमीन. सारवताना शेण-पाण्याचा काला पोतेऱ्याने अर्धवर्तुळात ओढत, आतल्या भिंतीकडून दाराकडे मागे सरकत यायचे. ओल्यात पाऊल उठले तर पुन्हा सुरुवात. छपराची शाकारणी पुरुष वैशाखात करतात, वर चढलेला माणूस गावाला दिसतो आणि त्याची मजुरीही ठरते. आश्विनातले काम बहुतेक बायकांचे, आणि त्याचा रोज कोणी धरत नाही. सिमेंट आणि लादी आल्यावर सारवण अंगणापुरते उरले, तर तांब्या-पितळेची घासणी चिंच आणि राखेकडून पितांबरीकडे गेली.

लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी हळदकुंकू लावून लक्ष्मी म्हणून पुजतात. शिंदीच्या पानांच्या या केरसुण्या परंपरेने मांग समाजाचे कारागीर बांधत आले. घराघरांत ज्यांची वस्तू देवी म्हणून पुजली जाई, त्यांना त्याच घरांत ओटीपर्यंतही येऊ दिले जात नसे.

कर्जत तालुक्यातले माथेरान हे याच सफाईचे टोकाचे रूप. सुमारे 800 मीटर उंचीवरच्या या गावी पावसाळ्यात बंगल्यांच्या आणि काही हॉटेलांच्या भिंती बाहेरून प्लास्टिकने वेढतात, बरीच दारे बंदच राहतात. 1907 साली सुरू झालेली नेरळची छोटी गाडीही पावसात घाटमार्गावर थांबवली जाते. दिवाळीच्या गर्दीआधी हे सगळे उघडायचे, तर गाद्या उन्हात टाकणे आणि कुबट वास घालवणे यातच राखणदारांचे दिवस जातात. खाली नेरळ-कर्जतच्या शेतघरांतही हेच चित्र. मालक मुंबईत, बुरशी येथे.

कातकरी वाड्यांवर हे वेळापत्रक उलटे चालते. दिवाळी झाली की अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर मजुरीला निघतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. ज्या महिन्यांत इतरांची सारवलेली घरे कोरडी आणि वापरात असतात, त्या महिन्यांत त्यांची घरे बंद. त्यामुळे त्यांचे लिंपण आणि छपराची डागडुजी ज्येष्ठात, आभाळ भरून येत असताना, हाती असलेल्या थोड्या दिवसांत उरकावी लागते.