उत्तन आणि धारावी बेट

उत्तन : ठाणे जिल्ह्यातील, मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीतील समुद्रकाठचे मच्छीमार गाव. भाईंदर रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेस सात-आठ किलोमीटरवर, मुर्धे, राई, मोर्वा ही गावे मागे टाकून जाणारा रस्ता समुद्राला भिडतो, तिथे ते वसले आहे. डोंगरी, तारोडी, पाली, चौक, भाटेबंदर, पातान बंदर ही गावे-पाडे त्याला इतके लागून आहेत की व्यवहारात ‘उत्तन’ म्हणताना बहुधा हा सगळा पट्टाच अभिप्रेत असतो. वस्तीत ख्रिस्ती कोळ्यांचे प्रमाण मोठे असून मासेमारी हा मुख्य धंदा आहे. वर्तमानपत्रांत आणि सरकारी अहवालांत उत्तनचे वर्णन सहसा ‘महानगराच्या टोकाला उरलेले खेडे’ असे येते. जणू शहर पश्चिमेकडे सरकत गेले आणि हा एक कोपरा चुकून राहून गेला. प्रस्तुत नोंदीचे म्हणणे याच्या उलट आहे. उत्तन हे भाईंदरचे टोक कधीच नव्हते. ते धारावी बेट या जुन्या भूभागाचा गाभा होते आणि त्याची पाठ भाईंदरकडे, तोंड समुद्राकडे होते. आजच्या तिथल्या बहुतेक वादांचे मूळ हे तोंड कोणीकडे आहे याचा विसर पडण्यात आहे.

प्रथम भूगोल. साष्टीच्या मुख्य भूमीला पश्चिमेकडून चिकटल्यासारखी दिसणारी ही उत्तर-दक्षिण अरुंद पट्टी उत्तरेला वसईच्या खाडीच्या मुखापाशी सुरू होते आणि उत्तन, गोराई करत दक्षिणेला मनोरीच्या खाडीवर संपते. पश्चिमेला अरबी समुद्र आहे आणि पूर्वेला खाडीचे फाटे, खाजणे व तिवरांची राने. कण्याला बुटक्या टेकड्या आहेत. त्यांत दख्खनच्या नेहमीच्या काळ्या पाषाणाबरोबर ट्रॅकाइट जातीचा फिकट दगडही सापडतो. गोराई-मनोरीकडचे हे खडक भूशास्त्राच्या अभ्यासकांना चांगले परिचित आहेत. टेकड्या आणि भाईंदर यांच्यामधली जमीन सखल असून उधाणाचे पाणी तिच्यात शिरते. याच सखल भागात आगऱ्यांनी बांध घालून मिठागरे आणि खारी भातशेती उभी केली. बांध आणि भराव यांच्यावरून पुढे रस्ता झाला, म्हणून आज बेटपण नजरेला पडत नाही. पण ते संपलेले नाही. गोराई हे गाव मुंबई महानगरपालिकेत मोडते, तरी बोरिवलीहून तिथे जायचे तर एकतर खाडी होडीने ओलांडावी लागते, नाहीतर भाईंदर-उत्तनचा वळसा घालून, म्हणजे दुसऱ्या जिल्ह्यातून आणि दुसऱ्या महापालिकेतून, जमिनीने यावे लागते. मनोरीला मालाडकडून जाणारा आजही मार्व्याच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट पाहतो. बेट नाहीसे झाले असे म्हणणाऱ्याने हा प्रवास एकदा करावा.

इतिहासाची साक्षही हीच आहे. गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने १५३४ च्या तहाने वसई आणि तिच्या ताब्यातली बेटे पोर्तुगीजांना दिली. त्यानंतर सुमारे दोन शतके वसई ही ‘उत्तर प्रांता’ची राजधानी होती. वसईचा कोट खाडीच्या उत्तर काठावर आहे. दक्षिण काठावर, बरोबर समोर, धारावी बेटाचे टोक येते. समुद्रातून वसईत शिरणाऱ्या गलबताला या दोन काठांच्या मधूनच जावे लागे. म्हणून १७३७ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजांनी ठाणे आणि बहुतेक साष्टी घेतली तरी वसईचा प्रश्न सुटला नाही. समुद्राकडून रसद येत राहिली. मोहिमेच्या दोन वर्षांत धारावीसाठी दोन्ही बाजूंनी झुंज दिली, बेटाचा ताबा बदलला, आणि अखेर १७३९ मध्ये मराठ्यांनी ते पक्के हाती घेतल्यावर वसईभोवतीचा फास आवळला. त्याच वर्षी मे महिन्यात वसईने शरणागती पत्करली. चौक गावाच्या टेकाडावरचे अवशेष या बेटावरच्या किल्ल्याचे, म्हणजे जंजिरे धारावीचे. तिथे अलीकडे चिमाजी अप्पांचे स्मारकही उभे राहिले आहे. मुंबईतल्या धारावीच्या काळ्या किल्ल्याशी जंजिरे धारावीचा संबंध नाही, पण पुस्तकांत हा घोटाळा वारंवार होतो.

यावर एक आक्षेप निघतो : किल्ल्याचे महत्त्व हे सेनापतींचे महत्त्व झाले, त्यावरून गावाविषयी काय सिद्ध होते? आक्षेप काही अंशी खरा आहे. तोफा कुठे डागल्या यावरून लोक कसे जगत होते ते कळत नाही. पण लष्करी हिशेब भूगोलाला चिकटून चालतो, आणि या हिशेबात धारावीची जोडी वसईशी लागते, भाईंदरशी नाही. धर्माच्या इतिहासातही तेच दिसते. डोंगरीचे बेथलेहेम मातेचे चर्च पोर्तुगीज काळातले आहे. उत्तनची ख्रिस्ती वस्ती त्याच राजवटीत तयार झाली, आणि ती राजवट गेल्यावरही टिकली, हा भाग अधिक लक्ष देण्याजोगा आहे. १७३९ नंतर युरोपीय मिशनरी बहुतांशी निघून गेले. गोव्याच्या स्थानिक पाद्र्यांनी इथल्या पॅरिश सांभाळल्या. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी साष्टी घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली. तीन राजवटी बदलल्या तरी प्रार्थना ख्रिस्ताची आणि घरची बोली मराठी, हा मेळ मोडला नाही. पुढे मुंबईत गोव्याहून आणि मंगळूरहून आलेल्या कॅथलिकांपासून आपले वेगळेपण राखण्यासाठी इथल्या मूळ ख्रिस्ती समाजांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. लग्नातले उंबराचे पाणी, सुगीनंतरचा आगेरा, नऊवारी लुगडे या गोष्टी नावाच्या आधीपासून होत्या आणि नंतरही राहिल्या. भाटेबंदरच्या वेलंकनी मातेच्या स्थानाला तसेच तारोडीच्या धारावी देवीला येणारा भाविकवर्ग पाहिला तर बेटाचे धार्मिक क्षेत्र त्याच्या प्रशासकीय क्षेत्रापेक्षा किती तरी मोठे आहे हे लक्षात येते.

तरीही ‘उत्तनचा समाज’ असा एकवचनी उल्लेख जपून करावा. किनाऱ्यावर ख्रिस्ती कोळी, डोंगरीच्या बाजूला शेती-वाडी करणारे ख्रिस्ती, राई-मुर्धे-मोर्व्याला हिंदू आगरी, टेकड्यांच्या कडेने आदिवासी पाडे अशी ही वस्ती आहे. त्यांचे धंदे एकमेकांना पूरक होते. मासा सुकवायला आणि खारवायला मीठ लागे, ते आगरातून येई. शेतकऱ्याच्या घरी सुकी मासळी पावसाळाभर पुरे. हितसंबंध मात्र नेहमी एक नसत. बेटाला एकसंध ‘कोळीवाडा’ मानणारे लेखन या पूर्वेकडच्या अर्ध्या भागाला विसरते.

मासेमारीचे तंत्र नीट पाहिल्याशिवाय उत्तन कळत नाही. इथली पारंपरिक मासेमारी डोलीची. डोल म्हणजे शंकूच्या आकाराचे लांब जाळे. त्याचे तोंड प्रवाहाच्या दिशेने उघडे ठेवून ते समुद्रतळाशी रोवलेल्या खुंटांना, म्हणजे कवीला, बांधतात. जाळे माशाच्या मागे जात नाही, भरती-ओहोटीचा ओढा मासा जाळ्यात आणून घालतो. त्यामुळे हे तंत्र सगळ्याच किनाऱ्यांवर चालणारे नाही. उथळ, गाळाचा, दूरवर हळूहळू उतरत जाणारा समुद्र आणि जोरदार ओढा या दोन्ही गोष्टी लागतात. सौराष्ट्रापासून मुंबईच्या आसपासपर्यंतच्या पाण्यात त्या आहेत, आणि बोंबीलही मुख्यतः याच पाण्यात मिळतो. बोंबलाबरोबर जवळा, करंदी, मांदेली येतात. धंद्याचा हिशेब म्हणूनच तिथीवर चालतो : अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, तेव्हा ओढा जोराचा; अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी मंद आणि डोलीला फारसे काम नाही. शिवाय बोंबलात पाण्याचा अंश फार असल्याने तो लगेच विकावा तरी लागतो किंवा लगेच सुकवावा तरी. त्यासाठी बांबूंच्या वलांडी लागतात, जवळ्यासाठी खळी लागतात, म्हणजे मोकळी, वाऱ्याची, समुद्राजवळची जागा लागते. कव कुठे मारायची यावरून वसई-उत्तन-मढकडचे मच्छीमार आणि उत्तरेकडचे पालघर-डहाणूचे मच्छीमार यांच्यात जुना वाद आहे. गावाचा भूगोल किनाऱ्याच्या रेषेवर संपत नाही, तो समुद्रात कित्येक मैल आत जातो, याचा हा वाद म्हणजे पुरावाच होय. कुठल्याही विकास आराखड्यात हा भाग रंगवलेला नसतो.

आता हद्दी. भाईंदर वाढले ते लोहमार्गामुळे. १८६७ मध्ये विरारहून मुंबईच्या बॅकबेला पहिली उपनगरी गाडी सुटली. त्या मार्गावर, वसईच्या खाडीच्या अलीकडे, मिठागरांच्या शेजारी भाईंदर होते. धारावी बेटाला या मार्गाचा उपयोग झाला तो मुख्यतः बाजार गाठण्यापुरता. १९२० मध्ये साष्टीचे विभाजन होऊन मुंबई उपनगर जिल्हा निघाला. १९५७ मध्ये बृहन्मुंबईची हद्द दहिसरपर्यंत आली. या फेररचनांत गोराई-मनोरी मुंबईकडे गेली, उत्तन-डोंगरी ठाणे जिल्ह्यात राहिली, आणि एकाच टेकडीच्या रांगेवरची, एकाच बोलीची, एकमेकांत सोयरिकी करणारी गावे दोन जिल्ह्यांत वाटली गेली. १२ जून १९८५ रोजी मीरा-भाईंदर नगरपरिषद स्थापन झाली, पुढे उत्तनच्या बाजूच्या ग्रामपंचायतीही तिच्यात आल्या, आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका झाली. शहराची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे ५ लाख २० हजार होती, २०११ मध्ये ८ लाख ९ हजार ३७८ झाली. यातली वाढ जवळजवळ सगळी लोहमार्गाच्या दोन्ही बाजूंची आणि मीरा रोडची आहे. विलीनीकरणाचा एक परिणाम मात्र क्वचितच बोलला जातो : महापालिकेत विलीन झालेले गाव जनगणनेत प्रभाग म्हणून मोजले जाते, गाव म्हणून नाही. आकडेवारीच्या दृष्टीने उत्तन हे खेडे राहिलेले नाही.

आकडेवारी बरोबर आहे असे म्हणणारेही आहेत, आणि त्यांचा युक्तिवाद हलका नाही. उत्तनमध्ये महापालिकेचे पाणी येते, बस येते. तरुण मुले कचेऱ्यांत आणि जहाजांवर नोकरी करतात. केशवसृष्टी, रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनी, महाराष्ट्र न्यायिक अकादमी यांसारख्या संस्था तिथे आहेत. शनिवार-रविवारी पर्यटकांची रीघ लागते. मग खेडे कुठे उरले? पण या युक्तिवादात ‘ग्रामीण’ म्हणजे ‘मागास आणि तुटलेले’ असे गृहीत धरले आहे, आणि तसे उत्तन कधीच नव्हते. ज्या गावाचा मासा मुंबईच्या बाजारात जाई, ज्याच्या बायका पाट्या घेऊन लोकलने दूरवर धंदा करत, ज्याने धर्म समुद्रापलीकडून घेतला, ते गाव जगापासून तुटलेले कसे म्हणणार? ग्रामीण समाजाची खरी कसोटी त्याची उपजीविका कोणत्या सामाईक भूमीवर उभी आहे, ही धरावी. उत्तनसाठी ती भूमी म्हणजे पाणी, किनारा, वलांडींची जागा, खाजण आणि टेकड्या. नोकरदार वाढले म्हणून या जागेची गरज संपत नाही. पहाटे बोट धक्क्याला लागली की मासळी टाकायला जागा लागतेच.

अडचण अशी की या सामाईक जागेपैकी पुष्कळशी कागदोपत्री गावाची नाही. सुकवणीची जागा बऱ्याचदा सरकारी म्हणून नोंदलेली असते, आणि नकाशावर ती ‘मोकळी’ दिसते. शहराला ज्या गोष्टी आपल्या मध्यवस्तीत नको असतात त्यांना या मोकळेपणाचा मोह पडतो. मीरा-भाईंदरचा घनकचरा प्रकल्प उत्तनजवळ धावगीच्या डोंगरावर आहे. त्याची दुर्गंधी, आगी आणि झिरपणारे पाणी यांविरुद्ध गावकऱ्यांची तक्रार राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेली. मेट्रो ९ ची कारशेड आधी राई-मुर्धे-मोर्व्याच्या जमिनीवर ठरली, तिथल्या विरोधानंतर ती डोंगरीच्या टेकडीकडे सरकवण्यात आली आणि हजारो झाडांच्या तोडीचा प्रश्न उभा राहिला. उत्तन-विरार सागरी सेतूच्या प्रस्तावाला मच्छीमारांचा विरोध आहे, कारण त्याची आखणी नेमकी त्यांच्या मासेमारीच्या पाण्यातून जाते. यांपैकी प्रत्येक प्रकल्पाच्या बाजूने सार्वजनिक हिताचे कारण देता येते. कचरा कुठेतरी टाकायला हवा आणि गाड्या कुठेतरी उभ्या करायला हव्यात, हे नाकारण्यात अर्थ नाही. प्रश्न असा की दर वेळी ‘कुठेतरी’ म्हणजे बेटच का, आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा एकच निघते : नियोजनकर्त्याच्या नकाशावर तिथे काही नोंदलेले नसते.

म्हणून उत्तनचा भूगोल लिहिताना महापालिकेची हद्द ही चौकट म्हणून अपुरी आहे. अभ्यासासाठी धारावी बेट हेच एकक धरावे, गोराई-मनोरीसह, जिल्ह्याची रेघ ओलांडून. आणि प्रशासनाने पुढचा कोणताही प्रकल्प आखण्याआधी कोळीवाड्यांचे, खळ्यांचे व वलांडींच्या जागांचे सीमांकन पुरे करून ते अधिकार अभिलेखात उतरवावे. मच्छीमारांची ही मागणी जुनी आहे आणि रास्तही आहे.